छबीची साखळी

दागिने दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला गल्लीत सगळे 'चष्मा' म्हणत. नाकावर एकावर एक दोन चष्मे चढवून तो अडतीस वर्षं त्याच खिडकीशी बसला होता. हातात कसब होतं आणि डोक्यात त्याची हवा. तुटलेली साखळी झाळून जोडून दिली की गिऱ्हाइकाला म्हणे, सांधा शोधून दाखवा. कुणाला सापडत नसे. एकदा दिलेल्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही, हा त्याचा बाणा. तपासावं लागतं ते कच्चं काम, असं त्याचं म्हणणं.

चौकापलीकडच्या एक बाई त्याच्याकडे येऊ लागल्या त्या कुत्रीचं पिल्लू काखोटीला मारून. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सगळी हौस त्या झुबकेदार केसांच्या छबीवर. छबीच्या गळ्यातली चांदीची साखळी बागेत दोनदा पडली म्हणून बाईंना आता हुकच नको होता. चष्म्याची लेक गल्ल्यावर बसे. ती म्हणाली, "बाबा, पिल्लू आहे, वाढेल. हुक ठेवा." बाई म्हणाल्या, ही जात एवढीच राहते. चष्म्याला तर चेव आला होता. जिवंत गळ्यात साखळी झाळायची, असं काम आजवर कुणी केलं नव्हतं. त्याने दोऱ्याने माप घेतलं, बोटभर जागा सोडली, मानेवर ओलं चामडं घातलं आणि इवल्याशा ज्योतीने सांधा बसवला. पिल्लाचा एक केस जळला नाही. पुढे आठवडाभर येईल त्याला तो हेच ऐकवत होता. लेकीचं ऐकायला त्याला सवड कुठली!

मग छबीच्या पायात घुंगरू आले, कानांना चिमट्याची फुलं आली. दर महिन्याला बाई काहीतरी नवं काढत, फोटो घेत. चष्मा छबीचे पंजे हातात धरी, कान चाचपी, लाडाने बोले. मानेकडे मात्र वळला नाही. तिथलं काम झालेलं होतं. छबी वाढत होती, हळूहळू, केसांच्या आड. अंगाला वास येतो म्हणून बाई तिला अत्तर लावू लागल्या.

सातव्या महिन्यात छबीने खाणं टाकलं. रुसलीय, असं बाईंना वाटलं, आणि तिची कळी खुलावी म्हणून त्या साखळीत अडकवायला एक पदक घेऊन आल्या. तेवढ्यासाठी चष्म्याने तिच्या मानेच्या केसांत बोटं घातली. साखळी हाताला लागेना. लागली ती ओल. त्याने केस बाजूला केले. साखळी मांसात रुतली होती, वरून कातडी धरली होती.

दोघं छबीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे धावली. डॉक्टरांनी भूल दिली, मांस उघडलं; पण एवढी बारीक कडी कापायची कातर त्यांच्याकडे नव्हती. ती कडी चष्म्याने दुकानातली कातर आणून स्वतःच्या हाताने कापली. जखमेचं विष अंगभर पसरलंय, डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी छबी गेली.

तिसऱ्या दिवशी चष्मा बाईंच्या घरी गेला. बाई काय वाट्टेल ते बोलोत, मुकाट ऐकायचं, असं ठरवूनच जिना चढला होता.

"चूक माझी, बाई," तो म्हणाला. "दर महिन्याला तिचे पाय धरले, मानेला हात लावला नाही."

बाईंचे डोळे सुजले होते. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

"तुमचा काय दोष, काका? तुम्ही काम किती जीव ओतून केलंत. एवढं होऊनसुद्धा सांधा सुटला नाही."

त्यात टोमणा नव्हता. बाई मनापासून बोलत होत्या. शिव्या खायला आलेला माणूस ते कौतुक पदरात घेऊन जिना उतरला.