मंगलची सांग्रिया, मुक्काम लोणार

"माझ्या पन्नाशीला साडी नको, सांग्रिया पाज," असं मंगलनं फोनवर सांगितलं आणि मी पुण्याहून लोणारला निघाले. मंगल माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता तिथल्या शाळेत बाई. फळं घालून मुरवलेली वाईन तिनं मोबाइलवर पाहिली होती. चाखली मात्र कुठलीच नव्हती.

जालन्यावरून सिंदखेडराजामार्गे जा, वाटेत ढाब्यावर झुणका-भाकर खा, ठेचा जपून घ्या. मी जपून घेतला नाही.

रात्री तिच्या घरी जेवताना मंगलनं विषय काढला. तिचे यजमान दिनकरराव ताटातून वर न बघता म्हणाले, "घरात बाटली येनार नाही." सासरे फार प्यायचे, हे मला तिनं नंतर सांगितलं. वर म्हणाली, "मी लपूनछपून करनार नाही. ते नाही म्हनले, संपलं."

सकाळी तिनं मला सरोवराच्या काठावर नेलं. खाली हिरवं पाणी, सभोवती झाडी. परतलो तर दिनकरराव गाडी पुसत होते.

"मेहकरले चला. इथल्या दारूच्या दुकानात दिसल्या तर गावभर बोभाटा होईल," ते म्हणाले.

मेहकरात ते रस्त्यापलीकडे टायर तपासत उभे राहिले. दुकानदारानं गोड वाईन पुढे केली. मी कोरडी, हलकी, स्वस्त लाल मागितली. गोडवा संत्र्यांतून येतो आणि भारी वाईन फळांत बुडवणं म्हणजे उधळपट्टी. त्यानं रम काढली. मी ब्रँडी म्हटलं, कारण रमचा गुळचट वास सगळ्यावर चढतो. तेवढ्यात दिनकरराव आत आले.

"किती टाकाची?"

"अर्धी वाटी."

"मंग एवढी मोठी काऊन घेऊन राह्यल्या? क्वार्टर घ्या."

मंगल त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बाप मलेच पाठवे दुकानात," ते म्हणाले.

दुपारभर संत्री, सफरचंद, डाळिंब दुधाच्या किटलीत वाईनमध्ये मुरलं. संध्याकाळी गच्चीवर मंगलनं घोट घेतला. "खोकल्याच्या औषधात संत्रं पडलं वाट्टे." तरी दोन ग्लास संपवले. दिनकरराव ताकाचा पेला घेऊन बसले आणि आपण होऊन बापाबद्दल बोलू लागले: बैल नुसत्या शिट्टीवर कसे यायचे, पोळ्याला शिंगं रंगवताना बाप कसा गाणी म्हणायचा. मंगलनं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं.

पुण्यात मी पुन्हा सांग्रिया केली. चव कितीतरी बरी जमली, पण पाहुणे फक्त पार्किंगवर बोलले. परवा मंगलचा फोन आला.

"हे आता रोज जेवताना बापाची गोष्ट सांगतेत. तू ये, अन् ह्यांले थांबव."

ती हसत होती. मागून दिनकररावांचा आवाज येत होता, गोष्ट अर्धी झाली होती.