तिला हसवणारा माणूस

मी आन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. पलंगावर मधोमध सूप ठेवलं होतं, समोर टीव्ही चालू. मी फोडून राहिलो, ती खाऊन राहिली. टीव्हीतला तो माणूस शिडीवरून घसरला. ती अशी हसली की सूप कलंडलं. मी म्हणलो, "पुरे आता, दम लागंल." ती म्हणली, "तुमी शेंगा फोडा गुमान."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सुनबाई म्हणली, बापू, लिहून ठेवा, कोणाच्या घरी असं दुखणं आलं तर कामी येईल. म्हणून लिहून राहिलो.

सुरुवात खोकल्यानं झाली. कोरडा खोकला. हळदीचा हंगाम होता, आमी समजलो धूळ गेली असंल नाकात. आखाडा बाळापूरच्या डॉक्टरनं औषध दिलं, फरक न्हाई. मग पाण्याची कळशी उचलली तरी दम लागून ती भिंतीला टेकायला लागली. हिंगोलीला एक्सरे काढला. त्यांनी नांदेडला धाडलं. तिथं सीटी स्कॅन झाला. बाकड्यावर बसून बसून माझी कंबर गेली.

डॉक्टर तरुण होता, पण खोटा धीर देणारा नव्हता. म्हणला, "बाबा, याला पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात. फुफ्फुसं आतून कडक होतात. कपड्याला जास्त खळ झाली की कसा ताठ होतो, तसं. पूर्ण बरं होत न्हाई. औषधानं हळू करता येतं."

मी इचारलं, "काहून झालं?" तो म्हणला, "नेमकं सांगता येत न्हाई." मला ते आवडलं न्हाई, पण खरं बोलला.

घरी मशीन आणली, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात सोडणारी. आन् एक चिमटा, बोटाला लावायचा. त्यावर रक्तातला ऑक्सिजन दिसतो, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. डॉक्टर म्हणला होता, आकडा फार खाली येऊन तिथंच राहिला तर फोन करा. घराबाहेर धुळीत न्यायचं न्हाई. घरात मन रमवा.

मन कशात रमवायचं? सुनंनं आधी नव्या मालिका लावल्या. त्यात नुसती भांडणं, इख कालवणं. हिला राग यायचा, दम वाढायचा. मग सुनंनं जुन्या हसवायच्या मालिका शोधून काढल्या. घरात आजारी माणूस असंल तर मी त्याच लावायला सांगतो. भाग छोटा असतो, गोष्ट त्याच दिवशी मिटते, कोणी मरत न्हाई. एक होती चार भावांच्या एकाच सैपाकघराची. एक कचेरीतल्या शिपायाची. पण हिचं मन बसलं ते घरमालकाला चुकवणाऱ्या भाडेकरूवर. कधी माळ्यावर लपायचा, कधी शेजारणीचं लुगडं नेसून जिना उतरायचा. सकाळी लावली की जेवायच्या वक्ताला बंद व्हायची.

आता खरं सांगतो. मी त्या माणसावर जळायचो.

आमच्याकडं बाई नवऱ्यासमोर तोंड उघडून हसत न्हाई. पदर तोंडावर जातो. सगळा संसार झाला, मी तिचं हसू पदराआडूनच ऐकलेलं. आता नाकात नळी, पदर वर घेता येईना. तिचे सगळे दात मला पहिल्यांदा दिसले. एक दाढ पडलेली, तीबी मला ठावूक नव्हती. आन् हे सगळं कोणासाठी? लुगडं नेसणाऱ्या त्या भाडेकरूसाठी.

मी तिचं बोट धरून बसायचो. ती टीव्हीकडं बघायची, मी चिमट्याकडं. ती हसली की आकडा खाली, गप बसली की वर. म्हणजे बायको हसणार त्याच्यामुळं आन् धडकी भरणार मला.

तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरला म्हणलो, "हिचं टीव्ही बघणं बंद करा. हसली की आकडा पडतो."

"थोड्या वेळात वर येतो न्हवं?"

"येतो."

"मग हसू द्या, बाबा. खोकला आला तर थांबवा. हसायला माझी मनाई न्हाई."

ती मला म्हणली, "भेटलं का उत्तर?" डॉक्टरबी हसला. दोघंबी माझ्या इरोधात.

एकदा मी तिच्यासमोर त्या भाडेकरूवानी कंबर हलवत चाललो. डोक्यावर टॉवेल घेतला. उंबऱ्यात पाय अडकला, पडलो. ती हसली न्हाई. घाबरून उठायला लागली, नळी निघाली. "ह्या वयात काय सोंगं करून राहिले? हाड मोडलं तर मला कोण बघंल?" गुडघा आठ दिवस ठणकला. त्यो रोज पडायचा, त्याला टाळ्या. मी एकदा पडलो तर शिव्या.

मग पोरगं एक दिवस म्हणलं, "बापू, त्या नटाला मरून लई वर्षं झाली." मला बराबर वाटलं. मेलेल्या माणसावर काय जळायचं? चार दिवस मी गुमान राहिलो.

शेंगा फोडल्या त्या दिवशी दुपारीच तिचा दम वाढला. आकडा वर येईना. डॉक्टरला फोन केला, नांदेडला न्यायला गाडी काढली. वारंगा फाट्याच्या पुढं तिनं माझा हात दाबला आन् सोडून दिला. सांजंला तिला अग्नी दिला. चितेपुढं उभा असताना माझ्या मनात काय आलं, लाज न बाळगता लिहितो. त्यो माणूस तिकडं आधीच जाऊन बसलेला हाय.

आमच्यात दुसऱ्या दिवशीच राख सावडतात. मेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवायचं असतं. सकाळी मसणात माझी मेव्हणी मांडत होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, चहा, गुळाचा खडा.

"दाजी, आक्काच्या आवडीचं काही राह्यलं का?"

तिनं परत इचारलं, "आठवा की. मागं राहू नये काही."

मी पोराला म्हणलो, "मोबाइल काढ. त्या भाडेकरूचा भाग लाव."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. माझा चुलतभाऊ कडाडला, "अरे, मसणात टीव्ही लावतोस व्हय? लोक काय म्हणतील?"

"तिला आवडायचं ते ठेवा, असंच म्हणलात न्हवं? हे तिला आवडायचं. मला न्हाई."

मोबाइल मी माझ्या हातानं पानाजवळ दगडाला टेकून ठेवला. तो जिन्यावरून लुगडं सावरत उतरायला लागला. मी समोर मांडी घालून बसलो. त्या दिवसापर्यंत मी त्याला नीट बघितलंच नव्हतं. घरमालक आडवा आला, ह्यानं घाईनं डोईवर पदर घेतला, आन् मिशी तशीच बाहेर राहिली.

मला हसू आलं. तोंड झाकलं न्हाई मी.