साडेपाचची जीप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी बाजूलाच ठेवत आले. तशी गोष्ट एवढीशी — एका मुलीला मी एकदा चुकीची वेळ सांगितली. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणजे, तसं वाटावं अशी सोय मी करून ठेवली होती.

आधी सहलींचं सांगते. त्या माझा अभिमान होत्या.

आम्ही चिखलीत राहतो. एप्रिल-मे महिन्यात इथं दहा वाजले की रस्ते ओस पडतात. पोरांना सुट्ट्या, घरात एकच कूलर आणि त्याच्यासमोर बसायला दिवसभर भांडणं. थंड हवेच्या ठिकाणी जाणं आमच्या गल्लीत कुणालाच परवडणारं नव्हतं. मग मी शोध लावला — हो, मी त्याला शोधच म्हणायचे. हिवरा आश्रमाच्या रस्त्याला एक काळीपिवळी जीप रोज पहाटे साडेपाचला निघायची. गावोगावच्या सवाऱ्या घेऊन ती चिखलीला येताना खचाखच भरलेली, पण जाताना मात्र रिकामी. मी ड्रायव्हरला गाठलं आणि रविवारी त्या रिकाम्या गाडीत पोरांना अगदी थोडक्या पैशांत न्यायचं ठरवून टाकलं. वाटेत तलावाशी उतरायचं, आंब्याच्या सावलीत पोतं अंथरायचं. सोबत कच्चा चिवडा, काकड्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची कॅन. ऊन चढायच्या आत नऊच्या एसटीने हाफ तिकिटात परत. फक्त जीप कुणासाठी थांबायची नाही, कारण पुढे तिच्या सवाऱ्या खोळंबलेल्या असायच्या.

गल्लीत मला 'सहलीवाल्या काकू' म्हणायला लागले. त्याआधी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई होते. हे नाव माझं स्वतःचं होतं, आणि ते मला फार आवडायचं.

त्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या खोलीत दुर्गा राहायला आली. तिचे आईवडील पिंपळगाव राजा या गावाकडचे, भाजीपाला पिकवणारे. आता चिखलीच्या बाजारात भाजीचं दुकान लावायचे. दुर्गा नऊ वर्षांची, माझ्या श्वेताएवढीच. मीच तिला सहलीला बोलावलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिचा घोळणा फुटला. नाकातून रक्त, फ्रॉकवर रक्त, पोरं घाबरलेली. तिनेच डोक्यावर पाणी मारून घेतलं, कांदा फोडून हुंगला आणि पाच मिनिटांत पुन्हा खेळायला पळाली. तिला चुकीची वेळ का सांगितली, याला पुढे कित्येक वर्षं मी मनातल्या मनात हेच कारण देत आले — दुसऱ्याची पोर, उन्हात तिला काही झालं तर? जबाबदारी कुणाची?

पण ते कारण नव्हतं.

कारण असं, की दुर्गाला सगळं माहीत होतं. गोंदणं कुठल्या झाडाला पिकली असतील, टिटवी उघड्या गोट्यांमध्ये अंडी कशी घालते, ती हात न लावता कशी बघायची. पोरं तिच्या मागे मागे. मी ठरवून आणलेले खेळ, भेंड्या, कोडी तशीच राहायची, आणि पोत्यावर मी एकटी, चिवड्याचा डबा राखत. एकदा श्वेताचा हात धरून मी म्हटलं, चल, पाण्यात पाय बुडवू. तिने हात सोडवून घेतला. "आई, तू बस ना इथं. आम्ही दुर्गासोबत जाऊन राह्यलो."

नऊ वर्षांच्या पोरीचा हेवा. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी नळावर पाणी भरत होते. दुर्गा आली आणि तिने विचारलं, उद्या किती वाजता. सगळ्या पोरांना साडेपाच पाठ होतं, पण मधे एका रविवारी जीपची वेळ बदलली होती, म्हणून ती विचारायला आली. मी कळशीवरची नजर न काढता म्हटलं, "सव्वासहाले येजो."

किती सहज निघालं तोंडातून — आधीपासून तयारच असल्यासारखं.

सकाळी श्वेता म्हणाली, दुर्गा नाही आली, थांबू ना थोडं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी म्हटलं, ती नाही येऊन राह्यली आज. गाडी निघाली. त्या दिवशी पोरं पोत्यावर माझ्याभोवती बसली, माझी कोडी सोडवली, श्वेता माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आणि मी खूश होते. खरंच होते.

परत आलो तेव्हा, जिथून जीप निघायची त्या कोपऱ्यावरच्या चहावाल्या काकांनी हटकलं. दुर्गा सहाच्याही आधी येऊन बसली होती, गळ्यात पाण्याची बाटली. त्यांनी सांगितलं, जीप कवाच गेली. तर म्हणाली, काकू मले सोडून नाही जात. आठ वाजेपर्यंत ती तिथं उन्हात बसून होती.

संध्याकाळी तिची आई तिला घेऊन माझ्या दारात आली. भांडायला नाही. माफी मागायला. "हिच्यापायी तुमची गाडी खोळंबली असंल, ताई. काकूनं सव्वासहा सांगतलं म्हणते ही."

तेव्हा तरी मला खरं बोलता आलं असतं. दारात आम्ही तिघीच होतो. मी म्हटलं, "मी सगळ्याच पोरायले साडेपाच सांगतलं. झोपीत राह्यली असंल ते."

आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. दुर्गाने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. मग खाली बघून म्हणाली, "माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

त्यानंतरच्या रविवारी मी पावणेपाचला उठून दार उघडलं, तर ती ओट्यावर बसलेली. पुढे ती प्रत्येक वेळ दोनदा विचारायची आणि पेनाने तळहातावर लिहून घ्यायची. शाळेची, परीक्षेची, सगळ्याची. लोक तिचं कौतुक करायचे, मीही करायचे.

मी समजून चालले की तिला खरं माहीत आहे आणि तिने मला सांभाळून घेतलं. त्यात मला बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला माफ केलंय असं.

दुर्गा आता नर्स आहे. गेल्या महिन्यात ती घरी आली. गल्लीतल्या पोरांना तलावावर न्यायचं म्हणत होती — तुम्ही न्यायच्या तसं, काकू. मी तिला सगळं सांगितलं. आता कुठली जीप रिकामी जाते, ओलं गोणपाट कसं बांधायचं, सावली किती वाजेपर्यंत टिकते. शनिवारी संध्याकाळी तिने पोरांना माझ्याच ओट्यावर ओळीत बसवलं आणि एकेकाच्या तळहातावर पेनाने लिहायला लागली — साडेपाच.

मी विचारलं, हे काऊन गं?

ती हसली. "पोट्टे इसरते ना, काकू. मी नव्हती का इसरली एकदा? तवापासून माह्या डोक्याचा मलेच भरोसा नाही."

ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिचं पेन अडत होतं. मी आत गेले, ड्रॉवरमधून दुसरं पेन आणलं आणि तिला दिलं.

दुर्गा काही विसरली नव्हती. मी तिला सव्वासहा सांगितलं होतं.