राजीखुशीनं

"अंगठा लाव इथं," भावाचा वकील म्हणाला आणि शाईचं पॅड माझ्याकडं सरकवलं.

मी दहावी पास. बारा वर्षं गुलमंडीत साड्यांच्या दुकानात कामाला. म्हणलं, "मला सही येते."

"मग कर की. वाचत काय बसलीस? तुमच्या वस्तीत वाचून सही करायची पद्धत कधीपासून आली?"

कोर्टाच्या व्हरांड्यात बाजूचे दोघं हसले. मी पण हसले. त्या हसण्याची लाज आजही जात नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. भांडणात एकाचं डोकं फुटलं, गुन्हा शाबीत झाला. पहिलीच वेळ म्हणून कोर्टानं त्याला दोन वर्षं चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. दर महिन्याला प्रोबेशन अधिकाऱ्याकडं हजेरी. मी जामीन. पुढं आईचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात तिच्याजवळ हाच. लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या. फोन करून कळवलं होतं. तरी अधिकाऱ्यानं अहवालात लिहिलं, 'जाणूनबुजून गैरहजर'. हमी रद्द. भाऊ जेलात. शिक्षा किती, तेवढंच ठरायचं राहिलं.

त्याच्या आधी हा कागद.

मी वाचला. अहवाल कबूल. पुरावा द्यायचा नाही. शिक्षेबद्दल म्हणणं नाही. अपिलाचा हक्क राजीखुशीनं सोडत आहे. खाली भावाची सही. तिच्याखाली साक्षीदाराची जागा, माझ्यासाठी.

"राजीखुशीनं म्हणजे?"

"काय नाय. फॉर्मच तसा असतो. भावानं केली सही, तुला काय झालं?"

मी मोबाईल काढून कागदाचा फोटो घेतला. त्यानं कागद हिसकला. "फोटो कशाला?"

नुसता फॉर्म होता, तर माणूस एवढा का दचकला? मी सही न करताच उठले.

दुसऱ्या दिवशी जेलात भेट. जाळीपलीकडून भाऊ म्हणाला, "ताई, वकील म्हणले, तुझ्या बहिणीनं वाचलंय, तिची हरकत नाय. म्हणून केली."

त्याला माझं नाव सांगितलं, मला त्याचं. त्यानं सही केली तेव्हा वाचलं कुणीच नव्हतं. वकिलाला कशाची घाई होती, कुणासाठी होती, मला अजून कळलेलं नाही.

कोर्टातच फुकट कायदेमदतीचं ऑफिस आहे. तिथल्या वकीलबाईंवरही माझा भरवसा नव्हता. एकेक ओळ विचारली, उत्तर माझ्या हातानं लिहून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणल्या, "हक्क सोडायचा तर आधी काय सोडतोय ते कळायला पाहिजे. कळलं नव्हतं, तर तसं कोर्टाला सांगा."

तारखेला न्यायाधीशांनी भावाला विचारलं, "वाचून सही केली का?"

"नाय साहेब. वाचूच दिलं नाय."

तो कागद बाजूला ठेवला गेला. दवाखान्याचे कागद बघितले. तरी दोन महिन्यांची शिक्षा झालीच. पण अपिलाचा हक्क हातात राहिला. अपील दाखल आहे. जामिनावर सुनावणी व्हायचीय. भाऊ आतच.

परवा तो जुना वकील जिन्यात भेटला. "लई संशयी झालीस गं."

"व्हय. झाले."

आता कुणीही कागद पुढं केला की मी खाली बसते. पहिल्या ओळीपासून वाचते. घाई करणाऱ्याला उभं ठेवते. नाही कळलं, तर सही नाही. समोर कुणी का असंना.