हे कोण म्हणालं?

समोरचं माणूस रडायला लागलं की बाई हातातलं काम खाली ठेवायच्या, स्टूल पुढे सरकवायच्या आणि विचारायच्या, "हे तुला कोण म्हणालं?" रडणारं माणूस गोंधळून थांबायचं. धीर देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. धीर देताना उलटतपासणी घेणारी मी एवढी एकच पाहिली.

बाई चौक गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. एकाच घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. पुढची पडवी सामाईक होती आणि पडवीसमोरून पुण्याकडे जाणारे ट्रक धडधडत जायचे.

छप्पन साली बौद्ध धर्मांतर झालं तेव्हा बाई नेरळला शाळेत शिकत होत्या. वडिलांनी त्या दिवसांत घरातली एकेक जुनी रीत घेऊन सगळ्यांना विचारलं होतं, "ही कुणी ठरवली? आपल्याला पटते का?" पटली नाही ती गेली. लेकीला तीच सवय लागली. फक्त ती पुढे माणसांच्या मनातल्या समजुती तपासू लागली.

माझीही तपासणी झाली. "माझ्या हाताला चवच नाही," मी एकदा म्हटलं.

"कोण म्हणालं?"

"आई."

"आण बघू."

त्यांनी आमटीचा घोट घेतला, जरा विचार केला. "आई खरं बोलली. पण मीठ-चिंच शिकता येते गं. त्यात हाताचा काय दोष?"

रस्त्यालगतच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीची बायको यमुना. तिची दोन बाळंतपणं फुकट गेली होती. तिसऱ्यांदा दिवस गेल्यावर ती दवाखान्याऐवजी आमच्या पडवीतच येऊन रडायला लागली. "माझी कूसच वाईट हाय, बाई."

"हे कोण म्हणालं?"

"सासू."

"आणि तू काय म्हणतेस?"

यमुनाला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. "मी बी तेच म्हणते," ती म्हणाली.

"तुझ्या धाकट्या बहिणीला असं झालं असतं, तर तिलाही असंच बोलली असतीस?"

"नाय वो! तिला कशाला बोलू? तिचा काय गुन्हा?"

"मग तुझा काय?"

यमुना डोळे पुसून औषध घेऊन गेली. पुढे दर आठवड्याला यायची आणि यथावकाश तिला मुलगी झाली.

माहेराहून परतल्यावर ती लेकीला काखेत घेऊन बर्फी द्यायला आली. बाईंनी हात मागे घेतला. "आज मी काही खात नाय."

"का वो? उपास?"

बाई म्हणाल्या, "माझी पोर आजच्या दिवशी गेली. मी जवळ नव्हते. आई म्हणवून घ्यायची माझी लायकी नाय."

मलाही हे नवीन होतं. यमुनाने त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, हे तुमाला कोण म्हणालं?"

बाईंचा चेहरा ताठ झाला. "तू घरी जा," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बर्फीला पडवीतच मुंग्या लागल्या.

त्यानंतर बरेच दिवस तो प्रश्न दवाखान्यात ऐकू आला नाही. कुणी रडलं तर बाई मुकाट्याने गोळ्या द्यायच्या.

एका रविवारी दुपारी त्यांनी पडवीत स्टूल आणलं आणि स्वतःच त्यावर बसल्या. "मला विचार," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"मी सगळ्यांना विचारते तेच. एकटीनं जमत नाय गं. मधूनच पळून जाते मी."

मी चाचरत विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. मुलगी चार वर्षांची होती, नेरळला आजीकडे राहायची. तिला ताप आला म्हणून बाई तिच्याजवळ गेल्या होत्या. तिथेच बाईंना डोंगरपायथ्याच्या कोंडाणे गावी एका अडलेल्या बाळंतिणीकडे बोलावणं आलं. मूल आडवं होतं, तिला टाकून निघता येईना. दोघं जगली. बाई सकाळी परतल्या तेव्हा घरापुढे माणसं जमली होती.

"चूक तुमची, असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाय. आईसुद्धा नाय. मीच."

"तुम्ही निघालात तेव्हा ताप किती होता?"

"नव्हता. उतरला होता. खेळत होती की." एवढं बोलून त्या थांबल्या. "उतरला होता," त्या पुन्हा म्हणाल्या, जणू ही बातमी त्यांना आत्ताच कळली होती.

"दुसऱ्या एखाद्या नर्सवर ही वेळ आली असती, तर तिला काय म्हणाला असतात?"

रस्त्यावरून दोन-तीन ट्रक गेले. "म्हणाले असते, तुला कळलं असतं तर तू गेलीच नसतीस गं. दमलीस. बस जरा."

"मग हेच स्वतःला म्हणा."

"आज नको," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणते."

तो उद्या कधी आला, मला माहीत नाही. संध्याकाळी मात्र त्या यमुनाकडे गेल्या आणि तिच्या लेकीला मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या.

पुढे त्यांची बदली महाडकडे झाली. आमची पत्रं विरळ झाली, मग थांबली. पुन्हा भेट झाली नाही. त्या आठवल्या की मला बदलीआधीचा एक दिवस दिसतो, पोर गेल्याची तारीख पुढच्या वर्षी पुन्हा आली तो. त्या दिवशी बाई सकाळी भाकरी खाऊन निघाल्या आणि मलाही नेरळला घेऊन गेल्या. पोरीला मातीत ठेवलं होतं त्या जागी, ओढ्याकाठी, आम्ही बसलो. पोर किती हट्टी होती, वरणात बोट बुडवून कशी चाखायची, ते त्या हसत सांगत होत्या. तेवढ्यात माथेरानची छोटी गाडी वळणावर आली. "हिला बघून नाचायची," म्हणत बाई उठून उभ्या राहिल्या आणि शेवटचा डबा झाडांआड जाईपर्यंत हात हलवत राहिल्या.