कोळशातली घट

ऐंशीच्या दशकात मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नियोजनाचं काम करायचो. पुढच्या वर्षी कोळसा, वीज, मजुरी किती लागेल आणि माल किती निघेल, याचं गणित मांडायचं. कोळसा फाटकावर वजन होऊन आत यायचा, राखही वजन होऊनच बाहेर जायची. राख फारच कमी भरायची. मधला फरक मी गणितात 'घट' म्हणून सोडून द्यायचो. शिरस्ताच होता तो.

एकदा साहेबांना विचारलं, "ही घट जाते कुठे?"

"वर," चिमणीकडे हात करून ते म्हणाले, "आणि वरचं आपण बघत नाही."

त्या धुरातल्या कार्बनचा आता जगभर हिशोब मांडतात. कसली डोंबलाची घट! मालापेक्षा जास्त तीच तर आम्ही तयार करत होतो.