मनकर्णाबाईंचा ओटा

बांगड्या भरताना गिऱ्हाइणीचा हात सोडायचा नाही आणि आपलं तोंड थांबवायचं नाही, हा मनकर्णाबाई कासारणीचा नियम. तीस वर्षं त्या बाजारगल्लीतल्या आपल्या ओट्यावर बसून बायकांच्या हातांत काचेच्या बांगड्या भरत होत्या. पुढं गल्लीत जीपगाड्या घुसायला लागल्या आणि सगळी पंचाईत झाली. मागून हॉर्न वाजला की गिऱ्हाईण दचकायची आणि बांगडी तडकायची. सवाष्णीच्या हातात असं झालेलं कुणाला खपणार? बायका सरळ परभणीची एसटी धरू लागल्या. कापडवाले, भांडेवाले माश्या मारत बसले.

एक्याण्णवच्या निवडणुकीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि मनकर्णाबाई नगरपालिकेत निवडून गेल्या. 'बाजारगल्ली फक्त पायी चालणाऱ्यांची' हा ठराव त्यांनी भांडून भांडून मंजूर करून घेतला. अट एकच पडली : संक्रांतीपर्यंत गिऱ्हाईक परतलं नाही, तर जीपगाड्या पुन्हा आत.

गल्लीच्या तोंडाशी आडवा बांबू लागला. गाड्या थांबल्या, पण बायका येईनात. येतील कशा? दुकानांचे ओटे एवढे पुढं सरकले होते की मधे जेमतेम जीपभर वाट उरली होती; ओट्यापुढं उभं राहून खरेदी करायची, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के बसायचे. "ओटे मागं घ्या," असं बाई दारोदार सांगत फिरल्या. भुजंगरावांचं गल्लीत भांड्यांचं दुकान होतं, शिवाय दोन जीपगाड्या. ते मिशीत हसले.

"मावशी, आदी तुमचा मोजा की. समद्यात पुढं त्योच हाय."

मोजला. चांगला दोन हात रस्त्यात निघाला. बाईंचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. सासूनं बांधलेला ओटा तो, नव्या नवरीचा त्यांचा हिरवा चुडा सासूनं तिथंच भरला होता. घरी जाऊन त्या पोटभर रडल्या.

सकाळी मात्र पदर खोचून, पहार घेऊन हजर. "आत्याबाई, माफी करा," सासूला उद्देशून म्हणाल्या आणि पहिला घाव घातला. दुपारपर्यंत शेजारच्या चौघांनी आपले ओटे फोडायला घेतले. भुजंगराव दोन दिवस कुरकुरले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीही गवंडी बोलावला.

भोगीच्या दिवशी झरी, बोरी या गावांकडच्या बायकांनी गल्ली फुलून गेली. मनकर्णाबाईंना बसायला ओटा नव्हता, म्हणून त्यांनी भर रस्त्यात सतरंजी अंथरली. गर्दीतून वाट काढत भुजंगराव लेकीला घेऊन आले. तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती.

बाईंनी तिचा हात हातात घेतला, दाबून मऊ केला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली, तेवढ्यात बांबूपलीकडून हॉर्न कोकलला.

"ए, हॉर्न बंद कर!" भुजंगराव ओरडले. "लेकीला बांगड्या भरायलेत!"

बाईंनी हात सोडला नाही. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "कुणाची जीप हाय हो, भुजंगराव?"

"माजीच," भुजंगराव म्हणाले आणि ड्रायव्हरला झापायला पायीच निघाले.